बेडूकडोळी आणि वजनांची वही

माझ्या जुन्या गाडीच्या डाव्या सिलवरून, म्हणजे दाराखालच्या पोलादी पेटीवरून, खरवडलेली पुट्टी मी एका बादलीत साठवत होते. चौथ्या दिवशी बादली काट्यावर ठेवली आणि रिकाम्या बादलीचं वजन वजा केलं. १३ किलो ४०० ग्रॅम. अख्ख्या गाडीचं मूळ वजन सुमारे ६६० किलो. त्याच्या दोन टक्के भरेल एवढी पुट्टी एका बाजूला निघाली, आणि तीही नेमकी जिथे पोलाद असायला हवं तिथे.

मी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत काम करते. गोळीच्या वजनात काही मिलिग्रॅमचा फरक पडला की अख्खी बॅच थांबवायची, हे माझं रोजचं काम. त्यामुळे गाडी आली त्या दिवसापासून सुटलेला प्रत्येक भाग आधी काट्यावर जातो, मग वहीत आणि मग फडताळावर. भाचा मदतीला येतो. त्यानं पहिल्याच रविवारी विचारलं, "मावशी, स्क्रूसुद्धा?" स्क्रूसुद्धा. मूठभर एकत्र, पण वजन करूनच.

गाडी म्हणजे ऑस्टिन-हीली स्प्राइट, पहिली मालिका, १९६० सालची. डोनाल्ड हीली यांनी ती आखली आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशननं ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्यात बांधली. २० मे १९५८ ला मॉन्टे कार्लोत ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. १९६१ पर्यंत अशा ४८,९८७ गाड्या बनल्या. बॉनेटवर वर आलेले दोन गोल दिवे ही तिची ओळख. मुळात हे दिवे बंद असताना बॉनेटमध्ये आडवे होणार होते, पण ती यंत्रणा ठरलेल्या खर्चात बसेना, म्हणून दिवे कायमचे उभेच राहिले. इंग्लंडमध्ये तिचं नाव फ्रॉगआय पडलं, अमेरिकेत बगआय. आमच्या घरात ती बेडूकडोळी.

एका गृहस्थांच्या मागे त्यांच्या घरच्यांनी ती विकायला काढली, तेव्हा ती १९ वर्षं शेडमध्ये उभी होती. इंजिन जाम, चारही टायर बसलेले, आणि वरून लाल रंगाचा असा चकचकीत थर की पाहणाऱ्याला वाटावं, थोडी डागडुजी केली की निघेल. मी खाली वाकून पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, चुंबकही फिरवला, सिलवर तो चिकटेना हेही कळलं, तरी घेतली. ती मला फार दिवसांपासून हवी होती.

तिला वेगळी चॅसिस नाही. सगळी ताकद पत्र्याच्या पेटीत आहे. पुढे इंजिन धरणारे दोन पाय, मध्ये गिअरबॉक्सचा बोगदा, दोन्ही बाजूंना दारांखाली सिल. मागचे पाटे तर अर्धेच आहेत. ट्रकच्या पाट्याची दोन्ही टोकं चॅसिसला लटकलेली असतात आणि मधोमध ॲक्सल बसतो. इथे पाट्याचं जाड टोक सीटच्या मागच्या पोलादी खोक्यात आवळलेलं आहे, आणि मागे निमुळतं होत गेलेलं टोक ॲक्सल धरतं. म्हणून ॲक्सलच्या मागच्या पत्र्यावर चाकांचा भारच येत नाही. तो भाग नुसतं कवच आहे. डिकीला झाकणही नाही, कारण झाकणासाठी भोक पाडलं की कवच लेचंपेचं होतं. सामान टाकायचं तर सीटची पाठ पुढे पाडायची आणि आत ढकलायचं. स्टेपनीसुद्धा तशीच आत जाते आणि तशीच बाहेर येते. दाराला बाहेरून हँडल नाही, वरखाली होणाऱ्या काचा नाहीत.

पहिले काही महिने मला वाटायचं की या गाडीचा हलकेपणा वगळण्यातून आलाय. हे नको, तेही नको, असं करत करत. भाग सुटत गेले, वही भरत गेली, तेव्हा दुसरीच गोष्ट दिसायला लागली. इथे जवळजवळ प्रत्येक भागाला दोन कामं आहेत. सिल हा दाराचा उंबरठा आहे आणि गाडीचा कणाही. पुढचा शॉकअब धक्के शोषतो आणि त्याचाच लांब हात चाकाचा वरचा विशबोन, म्हणजे चाक धरून ठेवणारा हातही असतो. बॉनेट आणि दोन्ही मडगार्ड एकाच तुकड्यात. डायनामो बॅटरी भरतो आणि त्याच्या शेपटाला बसवलेली छोटी गिअरपेटी इंजिनच्या फेऱ्यांचा काटा फिरवते. ब्रेकचा आणि क्लचचा मास्टर सिलिंडर एकाच ओतकामात आहे, वर तेलाची टाकीही एकच.

भाग सुटे करताना हे फार सुंदर वाटतं. दुरुस्त करताना त्याची दुसरी बाजू कळते: बिघाड दिसतो एका जागी आणि असतो दुसऱ्या जागी. डावं दार लागत नव्हतं. आधीच्या कुणी तरी बिजागरीखाली वॉशर घातले होते, मग कुलपाचा खिळा सरकवला होता, मग दाराची कड हातोडीनं ठोकली होती. दारात काहीच दोष नव्हता. खालचं सिल गंजून वाकलं होतं आणि गाडी मधोमध बसली होती.

सिलचं काम आठ महिने चाललं. पुट्टीखाली पत्रा निघाला, तो कापला तर आत आणखी एक पत्रा आणि त्याच्याखाली मूळ सिलचा गंजून भुगा झालेला अवशेष. गंजावर ठिगळ, ठिगळाच्या गंजावर दुसरं ठिगळ. ठिगळांचं वजन ९ किलो १०० ग्रॅम, वहीत नोंद आहे.

सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत लोखंडी नळ्या आडव्या वेल्ड कराव्या लागतात, म्हणजे पेटी हलत नाही. मी त्या लावल्या. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले, सारखे आले, म्हणून कापायला घेतलं. माझी चूक अशी की कर्ण सारखे आले तेव्हा गाडी आधीच बसलेली होती. दार लावून पाहिलंच नव्हतं. नवं सिल वेल्ड झालं आणि दार बसवलं, तर मागच्या कडेची फट वर ३ मिलिमीटर आणि खाली ८. मी तो आकडा लिहिला, वही मिटली आणि दोन आठवडे शेडमध्ये पाऊल ठेवलं नाही.

मग स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलनं काढले. एका बाजूला ७४. गाडीला पुढे, मध्ये आणि मागे असे आधार दिले. दार चौकटीत बसवलं. मधला जॅक पाव-पाव फेरा वर घेत गेले, दर वेळी फट मोजत. वर-खाली ५-५ मिलिमीटर आली तेव्हा नळ्या पुन्हा वेल्ड केल्या आणि सिल परत बसवलं. त्यानंतर उजवी बाजू. एका वेळी एकच बाजू उघडायची, हे मी आता कुणालाही पहिल्या भेटीत सांगते. आणि दारं गाडीवर असतानाच सिल वेल्ड करायचं, ती बाजूला काढून ठेवायची नाहीत. पाट्यांची खोकीही बदलली. तो पत्रा जाड आहे, तरी बोटानं दाबला तर आत गेला होता.

इंजिनकडे त्या मानानं लवकर वळता आलं. ९४८ घनसेंटिमीटरचं ए-सिरीज. याच घराण्याची सुरुवात १९५१ मध्ये ऑस्टिन ए३० च्या ८०३ घनसेंटिमीटरच्या इंजिनानं झाली, आणि १९५९ मध्ये याच घराण्यातलं इंजिन आडवं करून मिनीत बसवलं गेलं. क्रँकला तीनच मेन बेअरिंग. हेडमध्ये चार सिलिंडरना मिळून पाच पोर्ट: हवा-पेट्रोल आत घेणारे दोन, प्रत्येकी दोन सिलिंडरना मिळून, आणि धूर बाहेर टाकणारे तीन, त्यातला मधला पुन्हा दोघांचा. एकाला दोन कामं इथेही आहेतच. ताकद ४३ अश्वशक्ती.

हेड उतरवलं तर तिसऱ्या सिलिंडरमध्ये गंजाचं कडं दिसलं. चारही सिलिंडरमध्ये पातळ तेल ओतून तीन आठवडे वाट पाहिली. रोज संध्याकाळी फ्लायव्हीलला लाकडी दांडा लावून दोन्ही दिशांना थोडा थोडा जोर द्यायचा. बाविसाव्या दिवशी ते एक दाता हललं.

ब्लॉक घेऊन मी एका मशीन शॉपमध्ये गेले. तिथल्या काकांनी पन्नासेक वर्षं बोअरिंग, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून पुन्हा गोल करायचं काम, केलंय. त्यांनी गेज सिलिंडरमध्ये सोडला, वर, मध्ये, खाली, आडवा, उभा, आणि प्रत्येक आकडा खडूनं ब्लॉकवरच लिहिला.

"ताई, वीस थाउमध्ये साफ होईल."

भाच्याला थोडी जास्त ताकद हवी होती. "काका, चाळीस केलं तर? पिस्टन मिळतात तेवढे."

"मिळतात. पण धातू एकदा काढला की परत घालता येत नाही. वीस पुरतंय ना, मग वीसच. पुढे कुणाला तरी परत बोअर करावं लागेल, त्याच्यासाठी ठेव की थोडं."

वीसच केलं. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तेव्हा वीस थाउ म्हणजे अर्धा मिलिमीटर. क्रँक दहा थाउ घासला. एक्झॉस्टच्या सीट, म्हणजे धुराचे व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात ती कडी, मात्र मी कडक पोलादाच्या घालून घेतल्या. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि त्याचा पातळ लेप व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये उशीसारखा बसायचा. शिसं गेलं. आता तापलेला व्हॉल्व्ह नुसत्या ओतीव लोखंडावर आदळत राहिला तर हळूहळू आत रुततो आणि टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधली जागा, मिटते. टॅपेट लावायला भाच्याला शिकवलं: फट बारा थाउ, आणि नऊचा नियम. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला लावायचा, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसरा, बेरीज नेहमी नऊ. त्याला तो नियम इतका आवडला की गरज नसताना त्यानं सगळे परत तपासले.

भाच्याचं आणि माझं एका बाबतीत जमत नव्हतं, आणि ते इथे लिहायलाच हवं, कारण त्याचं म्हणणं चुकीचं नाही. या गाडीत पुढच्या काळातलं १२७५ घनसेंटिमीटरचं इंजिन जवळजवळ सरळ बसतं. पाच गिअरचा बॉक्स बसवता येतो, पुढे डिस्क ब्रेक लावता येतात, डायनामोच्या जागी अल्टरनेटर. अनेक जण करतात आणि त्यांच्या गाड्या माझ्यापेक्षा जास्त चालतात. पण मी डायनामो काढून ठेवला तर फेऱ्यांचा काटा मरतो. मग तो इलेक्ट्रॉनिक करायचा, त्यासाठी अर्थची बाजू बदलायची, कारण मूळ गाडीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं आहे. मोठं इंजिन घातलं की ड्रम ब्रेक अपुरे, डिस्क घातल्या की चाकं बदला. एक दोरा ओढला की अख्खी वीण उसवते. मला ती वीण जशी होती तशी समजून घ्यायची होती. मी दोन गोष्टी घातल्या: व्हॉल्व्हच्या कडक सीट आणि बसणाऱ्यांसाठी सुरक्षा पट्टे. पट्ट्यांचे बोल्ट आवळायला नव्या सिलमध्ये आणि बोगद्यात जाड पत्र्याचे तुकडे वेल्ड केले. त्यावर माझं आणि त्याचं एकमत होतं.

त्या एकाच टाकीच्या मास्टर सिलिंडरनं मला एकदा चांगलंच घाबरवलं. ब्रेकची हवा काढून झाली होती, पेडल कडक लागत होतं. चार दिवसांनी शेडसमोरच्या मोकळ्या जागेत गाडी ढकलून पाहत होतो, मी आत, भाचा मागे. पेडल दाबलं आणि ते थेट जमिनीला टेकलं. हँडब्रेक ओढला, गाडी थांबली. चारही चाकांचे सिलिंडर उघडून पाहिले, सगळे कोरडे. पाइप कोरडे. शेवटी गिअरबॉक्सच्या बाजूचा क्लचचा सिलिंडर पाहिला, तर त्याच्या रबरी टोपीतून सगळं तेल झिरपून गेलं होतं. क्लच गळला आणि टाकी एकच असल्यामुळे ब्रेकही गेला. तेव्हापासून गाडी बाहेर काढण्याआधी मी टाकीचं झाकण उघडून पाहते, प्रत्येक वेळी. एकाला दोन कामं दिल्याचं कौतुक मी वर केलंय. हे एक ठिकाण असं आहे की दोन वेगळ्या टाक्या असत्या तर बरं झालं असतं.

आता कार्ब्युरेटर, हवेत पेट्रोल मिसळणारा, माझा सगळ्यात आवडता भाग. एसयू बनावटीचे, एच१ प्रकारचे, दोन. बाकीच्या बहुतेक कार्ब्युरेटरमध्ये स्लोचा जेट वेगळा, मुख्य जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) वेगळा, पिकअपसाठी छोटा पंप. एसयूमध्ये एकच जेट आणि त्यात वरखाली होणारी एकच सुई. इंजिन जेवढी हवा मागेल तेवढा पिस्टन वर उचलला जातो, त्याच्याबरोबर सुई उचलली जाते, आणि सुई खाली निमुळती असल्यानं पेट्रोलची वाट तेवढीच मोठी होते. स्लोपासून फुल रेसपर्यंतचा सगळा हिशेब त्या सुईच्या उतारावर कोरलेला आहे. पिस्टनच्या दांड्यात थोडं तेल असतं, ते पिस्टनला एकदम उडू देत नाही, म्हणून पाय दाबताक्षणी मिश्रण थोडं दाट होतं आणि पंप लागत नाही.

दोन्ही कार्ब्युरेटर सारखे लावायला मी रबरी नळीचा तुकडा वापरते. एक टोक कानाशी, दुसरं एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. सूं असा आवाज येतो. मग दुसऱ्याच्या तोंडाशी. दोन्ही सूर जुळेपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवायचे. मग मिश्रण: पिस्टन खालून एका मिलिमीटरहून कमी उचलायचा आणि ऐकायचं. फेऱ्या वाढल्या आणि वाढलेल्याच राहिल्या तर दाट. इंजिन पडायला लागलं तर पातळ. क्षणभर किंचित चढून परत जागेवर आलं तर बरोबर. पहिल्या दिवशी मला काहीच ऐकू येत नव्हतं, सगळं नुसतं इंजिन होतं. तिसऱ्या रविवारी पुढचा कार्ब्युरेटर पातळ आहे हे मला नळी लावायच्या आधीच कळलं. त्या संध्याकाळचा आनंद मला नीट सांगता येणार नाही.

रंगाचं थोडक्यात सांगते. डॅशबोर्डच्या मागे हात पुरत नाही अशा जागी फिका निळा रंग शिल्लक होता. ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडे कारखान्याच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. तिथून दाखला मागवला, त्यावर आयरिस ब्लू असंच लिहिलेलं आलं. लाल थर उतरवला, निळा दिला. रंगारी चांगला होता, माझं त्यात श्रेय नाही.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ते गाडी आणल्यापासून दोन वर्षं सात महिन्यांनी. स्टार्टरला बटण नाही, डॅशबोर्डवरची मूठ ओढायची, ती केबलनं स्टार्टरचा स्विच ओढते. दुसऱ्या ओढीला पकडलं. तिसरा सिलिंडर थोडं मिसिंग करत होता, प्लग बदलल्यावर थांबलं. तेलाच्या दाबाचा काटा वर चढला आणि तिथेच राहिला. बंद केल्यावर पाच मिनिटांनी खाली तेलाचा एक थेंब पडला. भाचा पांढराफटक. त्याला सांगितलं, या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नसतोच, नुसते आटे कोरलेले असतात. क्रँक फिरत असताना ते आटे तेल आत ढकलतात, क्रँक थांबला की एखादा थेंब बाहेर येतो. खाली पत्र्याचं ताट ठेवलं.

चालवायला ती वेगवान नाही. त्या काळच्या चाचण्यांत ताशी १३० किलोमीटरच्या आसपास गेली होती, ९६ ला पोचायला वीस सेकंद. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी रचना, नाही, म्हणून चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर क्लच दोनदा दाबून डबल क्लच करावा लागतो. पण ताशी ५० ला वळणावर स्टिअरिंग दोन बोटं हललं की नाक तिथे गेलेलं असतं. रस्त्यावरचा खडा, डांबराचा जोड, ओला पट्टा, सगळं तळहाताला कळतं. हात बाहेर सोडला तर रस्ता हातभर अंतरावर. ट्रकशेजारून जाताना त्याच्या चाकाचे नट माझ्या डोळ्यांसमोर असतात, तेव्हा मी मागे राहते, कारण ट्रकवाल्याला मी दिसत नाही.

गेल्या महिन्यात ती वजनकाट्यावर नेली. ट्रक तोलायचा लांबलचक काटा आणि त्याच्या मधोमध ही. खिडकीतल्या माणसानं आकडा पाहिला आणि डोकं बाहेर काढलं.

"गाडी पूर्ण वर आलीय ना? मागची चाकं बघा जरा."

"आलीयत. मी उतरते आधी."

उतरले. त्यानं परत पाहिलं. ६७० किलो, निम्मी टाकी पेट्रोलसह. त्यानं चिठ्ठी दिली आणि मग बाहेर येऊन गाडीभोवती एक फेरी मारली. दिव्यांवर हात ठेवून म्हणाला, "हे उघडझाप करतात का?"

मी त्याला आडव्या न झालेल्या दिव्यांची गोष्ट सांगितली. मागे ट्रक येऊन थांबला होता, म्हणून लवकर आवरावं लागलं.

चिठ्ठी वहीत शेवटच्या पानावर चिकटवली आहे. शेजारच्या पानावर पुढची नोंद: उजवा पुढचा शॉकअब, दांड्याच्या सीलमधून तेल, बोट लावल्यावर ओलं. तो काढला की वरचा हातही निघतो, त्यामुळे चाकाखाली आधार देऊन मगच बोल्ट सैल करायचे. रविवारी भाच्याला लवकर बोलावलंय.